मनोऱ्याची सोपी फेरी

सोमवार, २ तारीख

बूट दोनदा धुतले तरी नदीकाठच्या चिखलाचा वास जात नाही. शेवटी ते गॅलरीत उलटे ठेवले, हात साबणाने खसाखसा घासले आणि ही वही उघडली. ट्रॅव्हल कंपनीने ऑफिस बंद केल्यापासून दिवसभर बोलायला कोणी नाही. घरात नवरा आहे, पण त्याला द्राक्षं सोडून विषय नाही. कोणता कीडा पानाच्या कोणत्या बाजूला अंडी घालतो हे तो जेवताना सांगतो.

तर लिहायचं ते हे, की आता माझी स्वतःची सहल सुरू होणार. इतकी वर्षं लोकांना परक्या गावांतले किल्ले दाखवले आणि आपल्या दारातला मनोरा मात्र कोणी पाहत नाही. पुलापासून निघायचं, नदीकाठाने आमच्या द्राक्षमळ्यातून हळूहळू चढत मनोऱ्यापर्यंत, आणि पलीकडच्या उतारावरून परत पुलाशी. चढ नावापुरता. आजी-आजोबांनाही जमेल. पत्रकं छापून झाली आहेत: ‘मनोऱ्याची सोपी वर्तुळाकार फेरी’.

घोडं अडलंय ते वर्तुळात. पलीकडचा उतार भाऊजींकडे आहे. जमीन पुरातत्त्व खात्याची, मनोऱ्याच्या हद्दीतली. सासऱ्यांनी ती भाडेपट्ट्याने घेऊन तिथे वेली लावल्या आणि त्यांच्या मागे तो पट्टा थोरल्याकडे, म्हणजे भाऊजींकडे, आला. त्या वेलींच्या दोन ओळींमधून माणसं जातील एवढीच वाट मला हवी आहे. ती नसेल तर मनोऱ्यापर्यंत जाऊन आल्या वाटेने परत. मग ती फेरी कसली, हेलपाटा झाला.

उद्या भाऊजींकडे जाऊन बोलावं लागणार. विचारानेच तोंड कडू झालंय.

मंगळवार, ३ तारीख

जाऊन आले. भाऊजी दारातच बसले होते, पायाला कसलंतरी मलम चोळत. तोच हात पँटला पुसला आणि मला पाण्याचा पेला दिला. पेल्यावर बोटांचे तेलकट ठसे. मी तो हातात धरून बसले, प्यायले नाही.

सगळं नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माणसं येतील ती काय हात खिशात घालून येतील? जाता जाता घड तोडणारच. तुझी सहल होईल, माझा माल जाईल.”

“मी असेन ना बरोबर, भाऊजी. कोणाला हात लावू देणार नाही.”

“तू पुढे चालशील. मागचे काय करतात ते तुला दिसणार आहे का?” मग म्हणाले, “त्या वेली बाबांच्या हातच्या आहेत. तुझ्या मळ्यातून हवं तितकं फिरव लोकांना.”

इतकं बोलून पुन्हा मलम. माणूस म्हणून यांच्यात काही आहे की नाही? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, “दादाचं चुकीचं नाही.” माझं कधी बरोबर असतं ते एकदा कोणीतरी सांगून टाका.

शनिवार, ७ तारीख

आज सरावाची फेरी. ओळखीतली माणसं फुकट नेली, आणि फुकट आलेली माणसं कशी वागतात ते पाहिलं.

निवृत्त बँक मॅनेजर पहिल्या वळणावरच दगडावर बसले, मोजे काढले आणि ते वाळायला आमच्या वेलीच्या तारेवर टाकले. टोपीवाल्या काकू चालताना अखंड काहीतरी चघळत होत्या आणि साली वाटेवर थुंकत होत्या. एका गृहस्थांनी वाटाण्याएवढा हिरवा मणी तोडून तोंडात टाकला, चेहरा वेडावाकडा केला आणि तो माझ्यासमोर हातावर काढून दाखवला. “आंबट आहे हो,” म्हणे. कच्चा आहे, आंबट नाही तर काय असणार? ओला मणी घेऊन ते उभे, आणि मी हसतेय.

सगळ्यात वाईट म्हणजे मनोरा. लांबून पांढराशुभ्र, दगड नुसता उजळतो. पण आपली वाट येते ती मागच्या भिंतीकडून, आणि ती भिंत पायापासून वरच्या खिडकीपर्यंत शेवाळाने बरबटलेली. हिरवं, काळं, चिकट. काकूंनी नकळत हात टेकला आणि तो तसाच माझ्या बाहीला पुसला. मॅनेजर म्हणाले, “इतकं चालून हे पाहायचं होय?” आणि परत आल्या वाटेनेच उतरले सगळे.

जेवताना नवऱ्याजवळ सगळं ओकले. म्हटलं, त्या भिंतीचं कोणी काही केलं नाही तर माझं दुकान उघडायच्या आधीच बंद. तो बटाटा कुस्करत होता. म्हणाला, “शेवाळ म्हणजे बुरशीचीच बहीण की,” आणि आणखी भात वाढून घेतला. मी घास खाली ठेवला. माणसाला जेवताना कशाची शिसारीच येत नाही.

बुधवार, ११ तारीख

खात्याला पत्र लिहिलं होतं, भिंत साफ करा म्हणून. उत्तर आलं की अशा कामाला तज्ज्ञ लागतात आणि यादी मोठी आहे. फेऱ्यांच्या परवान्यासाठी मात्र त्यांच्या बाई पुढच्या आठवड्यात येऊन वाट पाहून जातील. म्हणजे ते शेवाळ पाहणार, आणि ती तुटलेली फेरीही.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं. बोटांचे डाग कागदावर पाडले ते वेगळेच. मग विचारलं, “बाई नक्की कोणत्या दिवशी येणार?”

पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल काही विचारलं. तेही तोंडात घास असताना.

शनिवार, १४ तारीख

नवरा उजाडायच्या आत फवारणीला गेला. परवाही फवारणीच केली होती, पण विचारायला कोण जाणार? यंत्राचा आवाज ट्रॅक्टरमागे गडगडत गेला आणि माझी झोप मोडली.

ऊन चढल्यावर परत आला तो आपादमस्तक निळा. मोरचूद आणि चुना कालवून हे लोक वेलींवर जे औषध मारतात त्याचा तो निळा रंग; माझं अर्धं आयुष्य तो कपड्यांतून काढण्यात गेलं. भुवयासुद्धा निळ्या. तशा अवतारात स्वयंपाकघरात उभा राहून हसत होता. म्हटलं, आधी आंघोळ कर, तो वास सहन होत नाही.

“आज मनोऱ्याकडे जाऊ नकोस,” म्हणाला. “उद्या संध्याकाळी जा.”

“का?”

“अगं, जा उद्या. मी पण येतो.”

काहीतरी शिजतंय दोघा भावांचं. माझ्या माघारी वाटेचं काहीतरी ठरवत असतील आणि मला शेवटी कळेल. या घरात मला सगळं शेवटीच कळतं.

रविवार, १५ तारीख



संध्याकाळची कशाला वाट पाहू? सकाळीच गेले. वळणावर आले आणि थांबले. मनोऱ्याची मागची भिंत निळी झाली होती. पायापासून वरच्या खिडकीच्याही वर, निळीचं पाणी ओतावं तशी. ओघळ सुकून कडक झालेले. शेवाळ जळून तपकिरी पापुद्रे लोंबत होते, आणि खालच्या गवतावर निळा लगदा साचला होता. नखाने खरवडून पाहिलं तर दगड आतपर्यंत रंग प्यायलेला.

कोणी केलं हे सांगायला ज्योतिषी नको होता. औषधाचे थेंब भाऊजींच्या ओळींवर पडले होते, चाकांचा माग त्यांच्याच पट्ट्याच्या कडेने गेला होता. मला वाट द्यायची नाही, तर मनोराच बाटवून टाकला. बाई येणार, पाहणार, आणि माझं सगळं बंद.

धावत घरी आले, नवऱ्याला उठवलं, सांगितलं. तो पांढराफटक पडला. पायांत चप्पल न घालता बाहेर पडला. मी मागे. मनोऱ्याशी जाऊन त्याने भिंतीला हात लावला, मग पाण्याचा पाइप आणून कितीतरी वेळ पाणी मारत राहिला. काही उतरलं नाही. “पानावरून तर निघतं,” एवढंच पुटपुटला. भावाने केलेलं निस्तरताना मी त्याला पाहत होते आणि माझं रक्त उकळत होतं.

तेवढ्यात भाऊजी वर आले. त्यांनी भिंत पाहिली. माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “झालं समाधान? एवढा द्वेष करायचा होता माझा?”

नवरा काहीतरी बोलायला गेला. भाऊजींनी हात वर केला. “हो,” मला म्हणाले, “मीच मारलं औषध. तू जा घरी.”

चोरी पकडली गेल्यावर कबूल करायला काय जातं? मी खाली थुंकले आणि आले. दोघं तिथेच वेलींमध्ये बसून राहिले.

मंगळवार, १७ तारीख

तक्रार लिहून पाठवली. त्याआधी नवरा म्हणाला, “नको पाठवूस. दोन दिवस थांब, मला तुझ्याशी बोलायचंय.” मी म्हटलं, भावाची वकिली ऐकायला मला वेळ नाही. खुर्चीवर बसून राहिला, मग उठून गेला. भाऊ म्हटला की या माणसाचा कणाच वितळतो.

शुक्रवार, २० तारीख

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

खात्याच्या बाई आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ, भिंग लावून भिंत पाहत होत्या. म्हणाल्या, चुना दगडात मुरलाय, घासायला गेलं तर दगड जाईल. हा रंग आता कित्येक वर्षं राहणार. मग आम्हा सगळ्यांना खाली भाऊजींच्या पंपाच्या खोलीत बसवलं. मी, नवरा, भाऊजी. खोलीत तेलाचा आणि उंदरांचा वास. मला टेकायलाही किळस येत होती.

बाईंनी सरळ सांगितलं. “संरक्षित वास्तूचं नुकसान झालंय. ज्यांनी केलं त्यांच्याकडे खात्याची जमीन असेल तर पट्टा रद्द होईल, वेली काढून जागा मोकळी करून द्यावी लागेल. आणि फेरी चालवणाऱ्यांच्या घरात राहणाऱ्या कोणी केलं असेल तर परवान्याचा प्रश्नच येत नाही.”

भाऊजी म्हणाले, “लिहा माझं नाव.”

आणि नवरा उभा राहिला. “दादा खोटं बोलतोय. मी केलं,” म्हणाला. “हिला त्या शेवाळाचा त्रास होत होता. मोरचुदाने वेलीवरची बुरशी जाते, शेवाळही जाईल असं वाटलं. पानावरून धुऊन निघतं, तसं दुसऱ्या दिवशी पाणी मारून काढणार होतो. दगड पितो हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

“बस खाली,” भाऊजी म्हणाले.

“नाही बसत. तुझ्या वेली जातील.”

असा राग आला मला. भावासाठी इतकं धडधडीत खोटं. आणि माझा बळी देऊन. ‘हिला त्रास होत होता’ म्हणे, म्हणजे शेवटी दोष माझ्यावरच. वर आवाज किती खरा काढला होता. मला तो माणूस त्या क्षणी असह्य झाला, त्याच्या कानामागचा तो निळा डागसुद्धा.

बाई माझ्याकडे वळल्या. “शनिवारी सकाळी हे घरी होते?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, “हो. घरी झोपले होते. मीच उठवलं.”

खरं तर तो आमच्या मळ्यात फवारायला गेला होता. पण एवढं बारीक सांगत बसलं असतं तर बाईंचा उगाच गोंधळ झाला असता. मळा काय आणि घर काय, एकच.

“बरोबर,” भाऊजी म्हणाले. “ती खोटं कशाला बोलेल?” बाईंनी त्यांची सही घेतली. नवरा माझ्याकडे पाहत होता. रागाने पाहिलं असतं तर मला कळलं असतं काय करायचं. तसं नव्हतं.

रविवार, २२ तारीख

नवरा बोलत नाही. मी ताट वाढते, तो जेवतो, ताट धुऊन ठेवतो. आजवर कधी ताट धुतलं नव्हतं.

मंगळवार, २४ तारीख

पट्टा रद्द झाल्याचा कागद आला. मला परवाना मिळाला. आणि भाऊजींचा उतार मोकळा होणार म्हणून खात्याने तिथूनच वाट आखायला सांगितली आहे. बाईंनी फोनवर स्वतः सांगितलं, “तुमची फेरी आता खऱ्या अर्थाने वर्तुळाकार.” पत्रक बदलायला नको.

आनंद व्हायला हवा होता. जाऊबाई भेटल्या नदीवरच्या दुकानात. मला पाहून त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेल्या. उद्धट बाई.

गुरुवार, २६ तारीख

नवऱ्याने पिशवी भरली. दोन शर्ट, दाढीचं सामान.

“कुठे?”

“दादाकडे. वेली काढायच्यात. त्याची कंबर धरते, एकट्याला जमणार नाही.”

“काम करून रात्री ये ना घरी.”

“तिथेच राहीन.” दारात थांबला. “मी खरं बोललो होतो. आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर उभा राहिलो, तर तू मला खोटं पाडलंस.”

“मी तुला वाचवलं,” मी म्हणाले.

“मला?” एवढंच म्हणाला आणि गेला.

हे असलं बोलणं डोक्यात घेऊन बसायची मला सवय नाही. मी कपाट आवरलं, मोरी घासली, त्याचे फवारणीचे कपडे फेकायला काढले. मग अंगणात जाऊन आमचं यंत्र पाहत बसले. वरच्या खिडकीच्याही वर गेलं होतं ते औषध. भाऊजींकडे पाठीवरचा पंप आहे, तो डोक्याच्या वर फार जात नाही. हे मला आज सुचलं असं लिहिणार होते. लिहवत नाही.

पण आता काय करायचं? खात्यात जाऊन सांगायचं, की मी खोटं बोलले? परवाना जाईल. ओळखीत सगळ्यांना पत्रकं वाटून झाली आहेत. आणि तो तरी असा कसा गाढव, की एक शब्द विचारला नाही आधी. माझ्यासाठी केलं म्हणे. मी सांगितलं होतं का? मला त्याची किळस येते असं लिहून पाहिलं. खोडलं.

रविवार, २९ तारीख

पहिली फेरी झाली.

मॅनेजर आले, टोपीवाल्या काकू आल्या, आणखी बरीच नवी माणसं. नदीकाठी कोणीतरी काहीतरी मेलेलं पाहिलं आणि सगळे नाक धरून पुढे पळाले. आमच्या मळ्यातून चढताना मी मनोऱ्याची माहिती सांगितली. कोणी ऐकत नव्हतं. आणि वळणावर आल्यावर सगळे थबकले. निळी भिंत सकाळच्या उन्हात उजळून निघाली होती. मला वाटलं, आता तोंडं वाकडी होतील. तर सगळ्यांनी फोन काढले. काकू म्हणाल्या, “अगं बाई, किती छान रंग दिलाय. पूर्वीच्या लोकांची दृष्टीच वेगळी.” मी सगळ्यांना पुढे चला म्हटलं.

मग पलीकडचा उतार. अर्ध्याहून जास्त वेली काढून झाल्या होत्या. मनगटाएवढी जाड मुळं वर करून आडवी पडलेली, त्यांना अजून हिरवे कच्चे घड लटकत होते. वाटेच्या मधोमध नवरा आणि भाऊजी एका खुंटाला पहार लावून जोर करत होते. दोघांची अंगं मातीने माखली होती. भाऊजी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. जाड्या मुळाला टेकून जाऊबाई बसल्या होत्या, त्या उठून दुसरीकडे तोंड करून बसल्या.

मॅनेजर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “अरेरे, चांगली बाग तोडतायत. कोण हो हे?”

नवऱ्याने मान वर केली. तो माझ्याकडे पाहत होता, उत्तराची वाट पाहत.

“कामगार आहेत,” मी म्हणाले. “जागा साफ करायला लावलीय.”

भाऊजी खाली पाहू लागले. नवऱ्याने पहार बाजूला ठेवली, वाटेत आडवं पडलेलं मूळ ओढून कडेला केलं आणि मॅनेजरना म्हणाला, “सावकाश या साहेब. खाली खुंट आहेत.” त्याने हात पुढे केला आणि एकेकाला धरून खड्ड्यापलीकडे घेतलं. मॅनेजर, काकू, मागची सगळी. मी सगळ्यात शेवटी राहिले. मलाही हात दिला, इतरांना दिला तसाच. “या बाई, सांभाळून,” म्हणाला.

काकूंनी पिशवीतून एक संत्रं काढून त्याला दिलं. “घ्या हो, उन्हात राबताय.” त्याने ते घेतलं, सोललं, अर्धं भाऊजींना दिलं. काकूंनी विचारलं, अजून किती दिवसांचं काम आहे? तो म्हणाला, आठवडाभर तरी चालेल.

पुलापाशी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. खरंच सोपी फेरी आहे, कुठे दम लागला नाही, पुढच्या वेळी नातवंडांना आणू. सगळे पांगल्यावर मी कठड्याला धरून नदीत उलटी केली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी झाली.

उद्याची तुकडी भरली आहे, परवाचीही. त्यांनाही तिथूनच आणायचं आहे.